फक्त निवडक लोकांसाठी

जिंतूर
१२ जून २०२३

प्रिय राजेश्री,

सप्रेम जयभीम. वर्षभर गप्प बसलेली ही बाई एकदम एवढं जाड पाकीट कशाला पाठवायली, असं वाटलं असेल तुला. फोन केला असता, पण आमच्या घरी फोन एकट्याचा नसतो. माझा मोबाईल आई उचलते, भाऊ उचलतो, आणि सगळे स्पीकरवर टाकून बोलतात. म्हणून हॉस्टेलच्या सुटीत आपण लिहायचो तसं लिहायलेय. शिवाय सोबतचा कागद तू स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. कंपन्यांचे कायदेशीर कागद बघणं हेच तर तुझं काम.

गेल्या साली पोळ्याच्या सुमाराला मी 'तंतुश्री अ‍ॅग्रोटेक्स' कंपनीचे बाँड घेतले. तुमच्या भाषेत कर्जरोखे. देवगाव फाट्याजवळ तिची जिनिंग फॅक्टरी आहे, एसटीतून दिसते. आपण कंपनीला कर्ज द्यायचं, तिनं दर तिमाहीला व्याज द्यायचं आणि पाच वर्षांनी मुद्दल परत करायचं. किती दिवस दुसऱ्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढू? स्वतःची लॅब टाकायला साठवलेलं सगळं मी त्यात घातलं. व्याज दोनदा आलं, मग बंद पडलं.

आता कंपनीचा कागद आलाय. जुने बाँड परत द्या, बदल्यात दहा वर्षांचे नवे घ्या, पहिली तीन वर्षं व्याज नाही. ३० जूनच्या आत सही केली नाही तर कंपनी जबाबदार नाही म्हणे.

एका ओळखीच्या मुलानं मला हे बाँड दिले. तो म्हणतो, सही करून टाक. घेताना त्यानं सांगितलं होतं, "हे सगळ्यांसाठी न्हाई, फक्त निवडक लोकांसाठी. कुणाला बोलू नको, नायतर माझ्या दारात रांग लागंल." म्हणून मी तुलाही बोलले नाही.

पण परवा तुमच्या पिंगळीची बायनाबाई लॅबमध्ये आली. तिची लेक इथं जिंतूरला दिलीय. साखर तपासायची होती. मी सुई लावली तशी म्हणाली, "साखर वाढंल न्हाई तर काय, पोरी? रोडमधी जमीन गेली, तिचा मावेजा आला, आन मावेजाचे पैशेबी गेले."

"कुठं गेले, मावशी?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. "बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय. निवडक लोकांचंच काम हाय ते."

राजेश्री, मलाही हेच सांगितलं होतं. सही करू का नको? लवकर लिही.

तुझी
सुकेशनी

---

पुणे
१७ जून २०२३

प्रिय सुकेशनी,

सही करू नको! बायनाबाईलाही करू देऊ नको. हे वाक्य आधी वाच, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

तुझा कागद वाचता वाचता मी खुर्चीतून उठले. समोरची सहकारी विचारायला लागली, काय झालं म्हणून. झालंय असं, की त्या 'निवडक' शब्दातच या कंपनीचा गळा अडकलाय.

कंपनीला लोकांकडून कर्ज घ्यायचे दोन रस्ते असतात. एक खासगी. त्यात वर्षभरात दोनशेच माणसांना विचारायची मुभा आहे, प्रत्येकाच्या नावाचं पत्र आणि त्यावर वेगळा नंबर. त्यापलीकडं एक जरी माणूस गेला तरी कायदा म्हणतो की तुम्ही आता जनतेकडून पैसे घेताय. मग सेबीकडं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं जा, आणि तुमच्यावर किती कर्ज आहे, फॅक्टरी कुणाकडं गहाण आहे, कोणते खटले चालू आहेत ते सगळं छापून लोकांपुढं ठेवा. हे न करता जनतेचे पैसे घेतले असतील तर ते व्याजासकट परत करावे लागतात. जुन्याच्या बदल्यात नवे कागद दिले म्हणून सुटका होत नाही.

हा कायदा काही आपल्याकडंच उगवला नाही. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत लाखो लोकांचे रोखे मातीमोल झाले, तेव्हा तिथल्या केंद्र सरकारनं हाच नियम घातला: अनोळखी माणसाचे पैसे घ्यायचे तर आधी सगळं खरं सांग. पुढं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, की खासगी म्हणजे कोण? तर ज्याला कंपनीच्या आतली माहिती मिळू शकते आणि जो स्वतःला सांभाळू शकतो, तो. बाकीच्यांसाठी कायद्याचं संरक्षण. म्हणजे तुझ्यासाठी आणि बायनाबाईसाठीच की ग हे!

तर मला माणसं पाहिजेत, दोनशेच्या वर. तुझ्या लॅबमध्ये सगळा तालुका येतो. हळूच विचारत जा.

आणि तो ओळखीचा मुलगा? त्याला आधी पोलिसात द्या. गोड बोलून म्हाताऱ्या बायांचा मावेजा खाणाऱ्या पोरांची मला किळस येते. आमच्या आप्पांच्या दारात असा कुणी येऊ शकला नसता. त्यांनी मावेजा आला त्याच दिवशी बँकेत टाकला.

तुझी
राजेश्री

---

जिंतूर
९ जुलै २०२३

प्रिय राजेश्री,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र घेऊन बसायची, आणि एका ठिकाणी येऊन थांबायची. आता लिहूनच टाकते. तो ओळखीचा मुलगा म्हणजे आपला नागेश. माझा धाकटा भाऊ. हॉस्टेलवर आपल्यासाठी डबा घेऊन यायचा, तोच.

तुझं पत्र मी त्याच्यापुढं ठेवलं. वाचून तो म्हणाला, "ताई, मी चोर हाय का?"

"तू किती जणांना बाँड दिलेस?"

"अठ्ठावन्न."

"आणि बाकीच्या एजंटांनी?"

"मला काय मालूम? आमाला एकमेकाला भेटूच देत नव्हते. प्रत्येकाची मीटिंग येगळ्या दिवशी. मला तर म्हणले, जिल्ह्यात तू एकटाच हाईस. मीबी निवडकच व्हतो." मग खाली बघून म्हणाला, "आईचे पैशे मी काय उगं घातले का त्यात? मला खरंच वाटलं व्हतं."

मी लय बोलले त्याला. आई मध्ये पडली, तिलाही बोलले. दोन दिवस तो जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसून लॅबच्या दारात उभा. "चल ताई. मोजू."

आणि राजेश्री, काय सांगू तुला! तेव्हापासून आम्ही निस्ते फिरायलोत. बोरी, सेलू, मानवत. देवगाव फाट्यावर चहा घेताना नागेशनं हॉटेलवाल्याला सहज विचारलं, तर त्यानं गल्ल्याच्या खालून तोच कागद काढला! "तुमच्याकडं बी हाय? मला तर म्हणले, फाट्यावर तुमीच एकटे." बोरीला एका घरी गेलो. थोरल्या भावानं कागद दाखवला. धाकटा म्हणाला, "माझ्याकडं बी हाय." थोरला खवळला, "मला न इचारता?" तशी धाकट्याची बायको आतून ओरडली, "तुमी तरी इचारलं का, भाऊजी? तुमचा कागद गव्हाच्या कोठीत व्हता, म्या बघितला!" आम्ही सगळे हसायला लागलो. पैसे बुडालेली माणसं, आणि पोट धरून हसायली.

सगळीकडं असं नाही. काहींनी दार लावून घेतलं. एकानं नागेशच्या अंगावर कुत्रं सोडलं. बायनाबाईला बाँड त्यानंच दिलेले. तिनं कागद माझ्या हातात दिला (त्याची प्रत सोबत आहे) आणि त्याला म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं बघून पैशे दिले व्हते म्या. आता माझ्याशी बोलू नको." 

पिंगळीतच आणखी एक जण सापडले, मोठे शेतकरी. कागद दाखवला, पण नाव घेऊ देईनात. "इज्जतीचा सवाल हाय," म्हणाले. तुलासुद्धा सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा विचारू नको.

दीडशेच्या वर गेलोत आम्ही. आता पुढं काय?

तुझी
सुकेशनी

---

पुणे
१४ जुलै २०२३

प्रिय सुकेशनी,

नागेशबद्दल जे लिहिलं ते मागं घेते. त्याला सांग, राजेश्रीताईनं माफी मागितलीय. त्याला कुणी नेमलं, काय बोलायला शिकवलं, कमिशन कुणी दिलं, हे त्यानं आठवेल तसं लिहून काढावं. तो आपला सगळ्यात मोठा साक्षीदार ठरू शकतो. त्यासाठी त्याला सगळ्यांसमोर उभं राहावं लागेल, तेवढी त्याची तयारी आहे का, ते तू बघ.

आता माझी बातमी. कंपनीनं सरकारकडं दाखल केलेले कागद थोडी फी भरून कुणालाही पाहता येतात. मी पाहिले. त्यांनी फक्त एकशे चौऱ्याऐंशी माणसं दाखवलीत! तुझं नाव आहे, नंबर ११७. बायनाबाईचं नाव कुठंच नाही. पण तू पाठवलेल्या तिच्या पत्रावर नंबर आहे ६४, आणि ६४ समोर सरकारदरबारी नाव आहे कुणा सुमनबाईचं. आलं का लक्षात? एकच नंबर त्यांनी किती जणांना वाटला असेल?

आणि घाई करायला हवी. देवगाव फाट्याच्या फॅक्टरीची जमीन विकायला काढल्याची नोटीस काल पेपरात आलीय. ती एकदा विकली, की कायदा आपल्या बाजूनं असून उपयोग काय? परत द्यायला कंपनीकडं काही उरणारच नाही.

एक सभा घे. सगळ्यांना मूळ कागद घेऊन बोलाव. खुर्च्यांवर एक ते दोनशे नंबर चिकटव आणि ज्याला त्याला आपापल्या नंबरावर बसायला सांग. व्हिडिओ काढ. बाकी काही बोलायची गरजच पडणार नाही.

पिंगळीच्या त्या गृहस्थांना मी समजू शकते. तू म्हणशील तर आप्पांना सांगते त्यांची समजूत घालायला. गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

तुझी
राजेश्री

---

जिंतूर
३१ जुलै २०२३

प्रिय राजेश्री,

काल सभा झाली. माझा घसा बसलाय, पण हात चालायलाय, म्हणून लिहायला बसले.

येलदरी रोडवरचं मंगल कार्यालय मिळालं. अधिकमास, लग्नं नाहीत. भाडं विचारलं तर मालक म्हणाला, "भाडं कशाचं? मीबी येणार हाय, कागद घेऊन." घ्या!

अकराला लोक यायला लागले. जीप, ऑटो, एसटी. आधी सगळे दाराशीच घुटमळायले. एकमेकांना बघून तोंड लपवायले. मग सेलूच्या एका मास्तरानं व्याह्याला ओळखलं. "तुमी? इथं?" "आन तुमी?" त्यानंतर जो गलका सुरू झाला! मेहुणा मेहुण्याला, शेजारी शेजाऱ्याला, "तू बी? तू बी?" हॉलभर तेवढाच आवाज.

मी माईकवर सांगितलं, आपापल्या नंबरच्या खुर्चीवर बसा. पाच मिनिटांत भांडणं! बारा नंबरवर तिघं. "ही माझी हाय." "कागद बघा माझा." "माझ्यावर बी बाराच लिव्हलंय की!" माझ्या ११७ वर मानवतचा कापडवाला बसलेला. दीडशेनंतरच्या खुर्च्यांवर एकेक जण, पहिल्या साठ-सत्तरांवर मात्र लोक एकमेकांच्या मांडीवर बसायच्या बेतात. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, भांडता कामून? ह्येच तर दाखवायचंय आपल्याला!"  आणि राजेश्री, असा टाळ्यांचा कडकडाट झाला, काय सांगू. दोनशे एकतीस माणसं, सगळी कागदासकट.

मग नागेश उठला. मी नको म्हणत होते. "मी नागेश खिल्लारे. अठ्ठावन्न जणांला हे बाँड मी दिलेत. ज्याला जे बोलायचंय ते बोला, पण आधी मला सांगू द्या, की आमाला काय शिकवून पाठवलं व्हतं." एक जण धावून आला, त्यानं त्याची कॉलर धरली. शर्टाचं बटण तुटून पडलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सोड त्याला. हात कुणावर टाकतोस? विकणारा तिकडं जमीन विकायलाय आन तू इथं पोराला मारतोस?"

दारात पिंगळीचे ते गृहस्थ होते. मी शब्द दिलाय म्हणून नाव लिहीत नाही. पण ते म्हणाले की घरी जाऊन स्वतःच लिहिणार आहेत. तुला पत्र येईल. आलं की शांतपणे वाच.

त्यांचा नंबर ६४. तिथं बायनाबाई बसलेली. त्यांना बघून ती उठायला लागली. ते म्हणाले, "बस, बायनाबाई. तुझाबी नंबर त्योच हाय." मग स्वतः एक खुर्ची उचलून आणली आणि तिच्या शेजारी बसले. ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. नागेश बोलत गेला तशी हळूहळू मागं टेकली.

कागदांच्या प्रती, व्हिडिओ आणि नागेशचं लिखाण सोबत पाठवायलेय.

तुझी
सुकेशनी

---

पिंगळी
१ ऑगस्ट २०२३

चिरंजीव राजेश्रीस,

अनेक आशीर्वाद. मी तुला पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी झालं, हे तू ओळखलंच असशील. फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

मावेजा आला तेव्हा मी एफडी केली, असं तुला सांगितलं. ती अर्धीच केली. अर्धे पैसे तंतुश्रीत आहेत. सुकेशनीवर रागावू नको. ती आणि तिचा भाऊ घरी आले तेव्हा मीच तिला शपथ घातली होती. मला वाटलं, लेक कंपन्यांच्या कायद्याचं काम करते आणि बाप तिला न विचारता कागदावर सह्या करतो, हे चार लोकांत कसं दिसेल?

खरं कारण सांगू? माझ्याकडं आलेला एजंट दुसराच होता. तो म्हणाला, "दिनकरराव, हे मातब्बर लोकांचं काम आहे. गावात फक्त तुमच्याकडं आलोय." मला ते ऐकायला बरं वाटलं. परवा माझ्याच नंबरावर बायनाबाई बसलेली दिसली. तिलाही तेच सांगितलेलं, फक्त मातब्बरच्या जागी गरीब हा शब्द घालून. मला त्या एजंटापेक्षा माझाच राग जास्त आला.

पण बेटा, तुला एक सांगतो. त्या हॉलमध्ये मला जी मजा आली ती कैक वर्षांत आली नव्हती. माझ्या ओळखीचे अकरा जण अजून घरात कागद दाबून बसलेत. आज सकाळपासून मी त्यांच्याच दारात फिरतोय. सात जणांनी दिले, बाकीचेही देतील. सेबीकडच्या तक्रारीवर पहिली सही माझी घाल. नाव पूर्ण लिही: दिनकरराव ज्ञानोबा.

लेकीला कसं कळलं नाही म्हणून तुझी आई तुलाही लय शिव्या घालायलीय, मला घातल्या त्यातून उरलेल्या. जेवणाची वेळ झाली. थांबतो.

तुझे
आप्पा

---

पुणे
२२ सप्टेंबर २०२३

प्रिय सुकेशनी,

सेबीचा आदेश आला! आत्ता, तासाभरापूर्वी. ऑफिसात मी टेबलावर हात आपटला, त्यात सांडलेला चहा अजून फाईलवर आहे.

तंतुश्रीनं पुढच्या हुकमापर्यंत एक रुपयाही गोळा करायचा नाही. संचालकांनी कंपनीची किंवा स्वतःची मालमत्ता विकायची नाही, गहाण टाकायची नाही. देवगाव फाट्याची जमीन जागच्या जागी राहिली! आता कंपनीला बोलावून सुनावणी होईल, तिथं ते हातपाय मारतील. सगळे ओळखीचे, मित्रमंडळीच होते असा बचाव करतील, हे मी आजच सांगते. तुम्हा तक्रारदारांनाही बोलायची संधी मिळावी म्हणून मी अर्ज केलाय.

आप्पांचं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग रजा टाकून पिंगळीला गेले. दारातच म्हणाले, "रागावणार असशील तर चहा पिऊन रागाव." मी रागावलेच नाही. त्यांच्या खिशात उरलेल्या चौघांचे कागद होते, ते त्यांनी माझ्यापुढं मोठ्या ऐटीत ठेवले.

तू मला फसवलंस, आणि किती चांगलं केलंस.

तुझी
राजेश्री

---

जिंतूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजेश्री,

तू मुंबईत सेबीच्या सुनावणीच्या खोलीत बसलेली, आणि आम्ही परभणीत वकिलाच्या ऑफिसात टीव्हीएवढ्या पडद्यासमोर. तुला तिकडचं दिसलं, आता इकडचं ऐक.

आप्पा धुतलेला फेटा बांधून आलेले. नागेश मागं उभा. बायनाबाई पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर, कागद छातीशी. अजूनही त्याच्याशी बोलत नव्हती.

पडद्यावर कंपनीचा संचालक बसलेला. त्याच्या शेजारचा वकील बोलायला लागला तशी आमची तोंडं उतरली. काय पण इंग्रजी! आमच्या वकिलांनी हळू आवाजात सांगितलं, की तो म्हणतोय, हे सगळे संचालकांचे मित्र आणि परिचित. घरगुती व्यवहार होता. जास्तीचे नंबर म्हणजे टायपिंगची चूक.

"काय म्हणला?" बायनाबाईनं विचारलं. आप्पांनी सांगितलं, "त्या पलीकडच्या साहेबाची तू मैत्रीण हाईस म्हणतेत."

ती उठली आणि सरळ पडद्याजवळ गेली. आमच्या वकिलांनी हात धरायच्या आत बोलायलाही लागली, "मॅडम, मला बोलायचंय." सुनावणी घेणाऱ्या मॅडम बोला म्हणाल्या.

"मॅडम, ह्यो माणूस माझा मित्र हाय म्हणतेत, तर त्याला माझं नाव इचारा. बाकी काय बी इचारू नका."

 मॅडमनी संचालकाकडं बघून खरंच विचारलं. तो बाजूच्या कागदात बघायला लागला. चौसष्ट नंबर शोधत असणार! मग मान वर करून म्हणाला, "सुमनबाई."

"सुमनबाई कोण?" बायनाबाई म्हणाली. "मी बायनाबाई! पिंगळीची!"

तुला तिकडं हसू ऐकू आलं का? इथं तर वकिलाचा शिपाईसुद्धा हसला. आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, सावकाश. मला ते बघूनच धीर आला.

नंतर नागेशची साक्ष झाली. कॉलर धरली होती तेव्हा घाबरला नाही तेवढा इथं घाबरला, पण सगळं बोलला. कमिशनचे पैसे परत करायची तयारी आहे हेही बोलला.

तुझी
सुकेशनी

---

पुणे
२८ मे २०२४

प्रिय सुकेशनी,

अंतिम आदेश सोबत जोडलाय. चाळीस पानं आहेत, पण तू एकतिसावं पान काढ. "खासगी विक्रीच्या नावाखाली जनतेला केलेली विक्री" असं ठरलंय. सगळ्यांचे पैसे व्याजासकट परत. नाही दिले तर मालमत्ता जप्त करून विकायची. संचालकांना शेअर बाजारात बंदी. आणि चोविसाव्या पानावर बायनाबाईचं नाव आहे, पूर्ण, बरोबर लिहिलेलं. तिला दाखव.

अजून वेळ लागेल. ते अपील करतील, जमिनीला गिऱ्हाईक बघावं लागेल, आणि सगळी रक्कम एकदम हातात येणार नाही. पण हा निकाल लागला, बाई! नागेशला कमिशन जमा करायला सांगितलंय, पण त्यानं स्वतः पुढं येऊन सहकार्य केलं याची नोंद घेतलीय. त्याला हे वाचून दाखवू नको, त्याच्याच हातात दे.

तुझी
राजेश्री

---

जिंतूर
८ डिसेंबर २०२४

प्रिय राजेश्री,

फोनवर तुला कळलंच आहे की पहिला हप्ता आला. जमिनीच्या पैशातून, साधारण निम्मा. माझ्या खात्यात आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. ज्याचं रक्त काढत होते त्यालाच सांगितलं. तोही बाँडवालाच निघाला. त्यानं दुसऱ्या हातानं खिशातला मोबाईल काढला!

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. फोनवर ते सांगता येईना.

परवा सकाळी बायनाबाईच्या लेकीनं निरोप पाठवला, आई पिंगळीला बोलावतीय, नागेशला घेऊन या. त्याचं तोंड बारीक झालं. गाडी त्यानं कमिशन भरायला विकली, म्हणून आम्ही एसटीनं गेलो. घरी ती नव्हती. तुमच्याच शेतात कापूस वेचायला गेलेली, दहा-बारा बाया सोबत. आप्पा बांधावर खुर्ची टाकून बसलेले.

आम्हाला बघून ती आपली पात, म्हणजे वेचायची ओळ, अर्धवट सोडून आली, कमरेला वेचलेला कापूस टाकायचं ओटं बांधलेलं. मोबाईल नागेशच्या हातात दिला. दीड वर्षानंतर त्याच्याशी पहिला शब्द बोलली.

"वाच."

बँकेचा मेसेज होता, इंग्रजीतला. त्यानं मराठीत करून सांगितला. हळूच, तिला एकटीलाच ऐकू जाईल एवढा.

"मोठ्यानं वाच. ह्या समद्या बायांला ऐकू जाऊ दे."

त्यानं मोठ्यानं वाचला. बाया थांबून ऐकायल्या. ती म्हणाली, "आता नावासकट वाच. मेसेज कुणाला आलाय ते बी सांग."

"बायनाबाई," तो म्हणाला, "पिंगळीच्या बायनाबाईला."

तिनं मोबाईल घेतला, पोलक्यात ठेवला आणि शेजारच्या बाईकडून एक रिकामं ओटं मागून घेतलं. ते त्याच्या खांद्यावर टाकून म्हणाली, "उभं कामून राहिलास? माझ्या शेजारची पात धर."

इस्त्रीच्या शर्टावर ओटं बांधून गेला ग तो. त्याला वेचता येत नाही, अर्धा कापूस बोंडातच ठेवायचा. ती मागं वळून त्याला रागवायली, आणि तो "हाव मावशी, हाव मावशी" म्हणत परत जाऊन राहिलेला काढायचा. मी आणि आप्पा बांधावरून बघत बसलो. ऊन चढलं तरी दोघं पातीच्या टोकापर्यंत पोचले नव्हते.

तुझी
सुकेशनी